बोर्डाला त्याचाच नंबर

सकाळी साडेनऊ

मार्गशीर्षात बालाघाटचा बाजार उशिरा उठतो. पण बाहेरगावचं गिऱ्हाईक पहिल्या बसनं येतं आणि त्याला परतीची बसही गाठायची असते, म्हणून कालीपुतली चौकाजवळचं आमचं शटर लवकर उघडतं. आज लांजीकडचे एक गुरुजी आधीच पायरीवर बसलेले होते, मांडीवर लॅपटॉपची बॅग.

"भाऊ, आवाजच येऊन नाही राहिला. हेडफोन लावला का येते, काढला का बंद. स्पीकर बदलून टाका एकदाचे."

स्पीकर बदलणं सोपं आहे. नागपूरहून मागवायचे, लावायचे, पैसे घ्यायचे. पण हेडफोनला आवाज येतो म्हणजे साउंडची चिप शाबूत आहे, आणि कव्हर काढून मीटर लावला तर दोन्ही स्पीकर ठीक निघाले. मग मी नेहमीचा प्रश्न विचारला: याआधी कुठं काम झालं होतं का?

झालं होतं. दिवाळीच्या सुमारास बायोस अपडेट चालू असताना बॅटरी संपली आणि मशीन चालूच होईना. एका दुकानात बायोस मारून घेतला. मशीन उठलं, पण तेव्हापासून स्पीकर मुका, कार्ड रीडर गायब, आणि विंडोज कोपऱ्यात सारखं ॲक्टिव्हेट करा म्हणतं. तीन दुखणी एकाच दिवशी लागली असतील तर मूळ एकच असतं, असं धरून मी चालतो.

दहा

हाताखाली एक पोरगा आहे, आयटीआयमधून कोपाचा, म्हणजे कॉम्प्युटरचा, कोर्स केलेला. त्याला मी समोर बसवलं. डिव्हाइस मॅनेजर उघड, साउंडच्या ओळीवर राइट क्लिक कर, प्रॉपर्टीज, त्यात डिटेल्स, आणि खालच्या यादीतून हार्डवेअर आयडी निवड. आता वाच.

तो अडखळत वाचत गेला. पहिले चार आकडे १०ईसी, म्हणजे रिअलटेक. चिप बनवणाऱ्या प्रत्येक कंपनीला पीसीआय-सिग ही संस्था असा चार आकडी नंबर देते. इंटेलनं स्वतःसाठी ८०८६ घेतला, १९७८ साली आलेल्या तिच्या त्याच नावाच्या प्रोसेसरवरून. रिअलटेकच्या पुढं ०२६९, हा चिपचा मॉडेल नंबर. इथपर्यंत काही बिघडलेलं दिसत नाही. खरी गोष्ट पुढच्या आठ आकड्यांत असते, 'सबसिस' या अक्षरांनंतर.

त्यातले चार आकडे लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीचे असतात: डेलचा १०२८, एचपीचा १०३सी, लेनोव्होचा १७एए, एसरचा १०२५. उरलेले चार त्या कंपनीनं आपल्या त्या विशिष्ट बोर्डाला दिलेले. क्रमात मात्र एक फसगत आहे आणि नवीन माणूस हमखास तिथं चुकतो. साउंडच्या चिपची, म्हणजे कोडेकची, ओळ वाचताना कंपनी आधी आणि बोर्ड नंतर येतो. लॅन, ग्राफिक्स अशा पीसीआयच्या ओळींत बोर्ड आधी आणि कंपनी नंतर. पोरानं वहीत दोन्ही तऱ्हा लिहून घेतल्या.

आमच्या दुकानात एक जाड वही आहे. दुरुस्तीला आलेलं जे मशीन धडधाकट परत गेलं, त्याचे सगळे हार्डवेअर आयडी मी तिच्यात उतरवून ठेवतो. गुरुजींच्या मॉडेलचा दुसरा लॅपटॉप पूर्वी येऊन गेला होता. वहीतला आकडा आणि पडद्यावरचा आकडा शेजारी धरले. कंपनी तीच. बोर्ड वेगळा. पडद्यावरचा नंबर त्याच कंपनीच्या शेजारच्या मॉडेलचा होता.

"म्हणजे चिप बदलली काय हो?" गुरुजींनी विचारलं.

"चिप तुमचीच आहे, गुरुजी. तिला सांगितलेलं नाव दुसऱ्याचं आहे."

अकरा

हे नाव सांगतं कोण, हे नीट समजून घेतलं नाही तर माणूस दिवसभर ड्रायव्हर टाकत आणि काढत बसतो.

बटण दाबल्यावर विंडोज येण्याच्या खूप आधी बायोसचा प्रोग्रॅम चालतो. तो रॅम उठवतो, मग बसवरच्या एकेका जागेला विचारत जातो, तू कोण? उत्तरात सगळेच एफ आले, म्हणजे एफएफएफएफ, तर तिथं कोणी नाही. उत्तर आलं तर त्या डिव्हाइसला पत्ता द्यायचा. प्रत्येक डिव्हाइसकडं स्वतःबद्दलची माहिती ठेवायला २५६ बाइटची जागा असते. सुरुवातीलाच चिप बनवणाऱ्याचा नंबर आणि चिपचा नंबर. हे दोन्ही कारखान्यातच कोरलेले असतात, ते कोणी बदलत नाही. थोडं पुढं, सोळाच्या मोजणीत २सी आणि २ई या जागांवर, दोन घरं आहेत: बोर्ड कोणाचा, आणि कोणता. पीसीआयच्या नियमात ही घरं १९९५च्या २.१ आवृत्तीत आली आणि १९९८च्या २.२ पासून, काही ब्रिजसारखे अपवाद सोडले तर, सक्तीची झाली.

कारण साधं होतं. एकच चिप शेकडो बोर्डांवर बसू लागली. चिपला ठाऊक असतं की मी अमुक चिप आहे; आपल्या पायांना बाहेर काय जोडलंय हे तिला कसं कळणार? एका बोर्डावर स्पीकरचा ॲम्प्लिफायर एका पायानं चालू होतो, दुसऱ्या बोर्डावर दुसऱ्याच. एकावर माइक डाव्या जॅकला, दुसऱ्यावर पडद्याच्या चौकटीत. ड्रायव्हर हे सगळं त्या आठ आकड्यांवरून ओळखतो. रिअलटेकचा विंडोज ड्रायव्हर असो की लिनक्समधला, आत एक लांबच लांब यादी असते: हा आकडा दिसला तर ही जोडणी धर. गुरुजींच्या मशीनवर ड्रायव्हरनं शेजारच्या मॉडेलची जोडणी धरली होती आणि ॲम्प्लिफायर ज्या पायानं उठतो त्याला तो हातच लावत नव्हता. हेडफोनचा जॅक दोन्ही मॉडेलांत सारखा, म्हणून तो चालत राहिला. शेजारच्या मॉडेलला कार्ड रीडर नसतोच; त्यामुळं त्या बायोसनं तो पोर्टच बंद करून टाकला होता.

आता प्रश्न येतो की विंडोजमधून तो आकडा सुधारता येणार नाही का. पीसीआयच्या घरांचं बोलायचं तर बहुतेक नाही, आणि तसं असणंच बरोबर आहे. इंटेलच्या चिपसेटमध्ये ही घरं एकदाच लिहिता येतात. रिसेटनंतर जो पहिला लिहील त्याचं खरं. मग पुढच्या रिसेटपर्यंत कुलूप. म्हणजे बायोसनं पहिल्याच फेरीत बरोबर लिहिलं तर नंतर कुठल्याही प्रोग्रॅमला त्यात ढवळाढवळ करता येत नाही. आणि चुकीचं लिहिलं तर चूकही तेवढीच पक्की. साउंडच्या कोडेकचे आकडे आणि जॅकची माहिती बायोस वेगळ्या आज्ञांनी भरतो, पण वेळ तीच, विंडोज यायच्या आधीची.

सव्वाअकरा ते एक

दुरुस्ती बायोसच्याच चिपवर करायची होती.

बॅटरीची केबल काढली, बोर्डावरचा गोल सेल काढला. रॅमच्या खालच्या अंगाला आठ पायांची लहानशी चिप सापडली, विनबाँडची २५क्यू६४, म्हणजे ८ एमबी, ३.३ व्होल्टवर चालणारी. नव्या लॅपटॉपांत १.८ व्होल्टच्या चिपा येतात. तिथं ॲडॅप्टर न लावता क्लिप लावली तर चिप मरते. आणखी एक सांगून ठेवतो, कारण हे गोंदियापासून बैहरपर्यंत सगळ्यांच्या टेबलावर असतं: सीएच३४१ए नावाचा जो स्वस्त काळा प्रोग्रामर मिळतो, त्याच्या डेटाच्या तारांवर ५ व्होल्ट येतात. सुधारणा केल्याशिवाय तो वापरू नये. आमच्याकडचा सुधारलेला आहे.

चिपवरच्या बारक्या ठिपक्याकडं एक नंबरचा पाय. क्लिपची लाल तार तिथं. पोरानं चिप वाचली, फाइल जतन केली, क्लिप काढून परत लावली आणि पुन्हा वाचली. दोन्ही फाइलींचा चेकसम जुळला, तेव्हाच पुढं. एकदाच वाचून त्यावर भरवसा ठेवायचा नाही. क्लिपचा एक दात किंचित उचललेला असला तरी प्रोग्रामर बिनतक्रार कचरा वाचून देतो.

कंपनीच्या साइटवरची बायोसची फाइल जशीच्या तशी चिपवर मारता येत नाही. तिच्यात फक्त प्रोग्रॅम असतो. सिरियल नंबर, युयुआयडी आणि विंडोज ८ पासून पुढच्या मशीनांत विंडोजची कीसुद्धा, हे प्रत्येक मशीनचं आपापलं असतं आणि चिपवरच वेगळ्या भागात राहतं. दुसऱ्या मशीनचा अख्खा डंप, म्हणजे त्याच्या चिपवरून वाचलेली फाइल, मारला की हे सगळं दुसऱ्याचं होऊन बसतं. गुरुजींच्या लॅपटॉपच्या खालच्या स्टिकरवरचा सिरियल एक, आणि बायोसमध्ये दिसणारा दुसराच. विंडोजनं किल्ली नाकारली ती याच कारणानं.

मी आधीच्या दुकानात फोन लावला. त्या भावानं मूळचा बिघडलेला डंप पेनड्राइव्हवर ठेवलेला होता, आणि त्यानं पाच मिनिटांत पाठवून दिला. त्याचे मनापासून आभार मानले. बिघडलेला डंप बरेच जण पुसून टाकतात. प्रोग्रॅमचा भाग अर्धवट लिहिला गेलेला असला तरी मशीनची ओळख ज्या भागात असते तो बहुतेकदा धडका असतो, आणि या फाइलीतही होता. हेक्स एडिटरमध्ये सिरियल शोधला, स्टिकरशी जुळला. मग गुरुजींच्याच डंपमध्ये त्यांच्याच मॉडेलचा प्रोग्रॅम बसवला, चिपवर लिहिला, परत वाचून ताडून पाहिला.

पहिल्यांदा चालू होताना पडदा बराच वेळ काळा राहिला. रॅम नव्यानं मोजली जाते, घाबरायचं नसतं. विंडोज आली, तिला वाटलं नवीन साउंड कार्ड बसलंय, तिनं ड्रायव्हर पुन्हा लावला. स्पीकर वाजले. कार्ड रीडर यादीत आला. वहीतला आकडा आणि पडद्यावरचा आकडा एक झाले. ॲक्टिव्हेशनची ओळही गेली.

गुरुजी उठायला लागले, तर मी थांबवलं. लॅपटॉप झोपवायचा, उठवायचा, आणि आकडे पुन्हा बघायचे. झाकण मिटून साध्या स्लीपमध्ये गेलं की चिपसेटच्या बऱ्याच भागाचा पुरवठा तुटतो. घरांत लिहिलेलं पुसलं जातं. उठताना बायोसनं ते विंडोजच्या हाती कारभार जाण्याआधी पुन्हा लिहायचं असतं. काही बायोस चालू होताना नीट लिहितात आणि उठताना विसरतात. मग विंडोजला ओळखीचं डिव्हाइस अनोळखी वाटतं. गिऱ्हाईक म्हणतं, "झोपवला का बिघडते, बंद करून चालू केला का चांगला." अशा मशीनमध्ये बदलायला कुठला भाग नसतो, बायोसच बदलावा लागतो. गुरुजींचा उठल्यावरही तोच आकडा दाखवत होता.

"आता घेऊन जा."

दुपारी दीड

घरून डबा. भात आणि वांग्याची भाजी. नागपूरच्या ठोक व्यापाऱ्याला फोन: दोन कीबोर्ड, एक हिंज, संध्याकाळच्या गोंदियाच्या गाडीनं पार्सल. १९५६ साली राज्यांची वाटणी होऊन नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि आम्ही मध्यप्रदेशात राहिलो, पण माल अजून नागपूरहूनच येतो. भोपाळला विचारलं तर भाव बरा मिळतो, दिवस जास्त लागतात.

अडीच

धान खरेदीचे दिवस. गावाबाहेरच्या एका सोसायटीच्या केंद्रातून दोनदा फोन येऊन गेला होता: नेट येतं-जातं, शेतकऱ्यांची रांग उभी आहे, पोर्टल मध्येच अडकतं. पोराला दुकानात ठेवावं म्हटलं, पण शिकेल कधी? शटर खाली करून दोघं निघालो.

केंद्रात दोन असेंबल केलेले डेस्कटॉप, एकाच वेळी घेतलेले, एकाच बनावटीचे स्वस्त बोर्ड. ऑपरेटर म्हणाला, "भैया, एक चलाओ तो मस्त चलता है. दूसरा चालू किया कि दोनों का नेट गया." यातच निम्मं निदान होतं. दोन्हीकडं कमांडची काळी खिडकी उघडली, आयपीकॉन्फिग, पुढं ऑल. फिजिकल ॲड्रेस वाचला. बारा आकडे. दोन्हीकडं अगदी तेच बारा.

लॅनच्या प्रत्येक पोर्टाला जगात एकमेव असा पत्ता असायचा असतो. त्याचे पहिले सहा आकडे आयट्रिपलई कंपनीला नेमून देते, पुढचे सहा कंपनीनं दर नगाला वेगळे द्यायचे. या बोर्डांच्या कारखान्यात कोणीतरी एक नमुना भरला आणि तोच सगळ्या लॉटवर उमटत गेला. राउटरला दोन मशीनं एकच वाटतात. ज्याचं पाकीट शेवटी आलं त्याला तो उत्तर देतो, दुसऱ्याचं तुटतं. खिडकीत उभ्या असलेल्या शेतकऱ्याला वाटतं सरकारी पोर्टल बंद आहे.

मी बाकीचे आकडेही बघून घेतले. लॅनच्या चिपचा नंबर १०ईसी आणि ८१६८, रिअलटेकची सगळीकडं दिसणारी चिप. सबसिस ०१२३, पुन्हा १०ईसी. म्हणजे बोर्ड बनवणाऱ्याच्या घरात चिपवाल्याचाच नंबर, आणि मॉडेलच्या घरात नमुन्याचा ०१२३. बायोसमध्ये सिरियल नंबरच्या जागी इंग्रजीत लिहिलेलं, 'टू बी फिल्ड बाय ओ.ई.एम.', म्हणजे बनवणाऱ्यानं भरावं. भरायचं राहूनच गेलेलं. युयुआयडी ०३०००२००-०४००-०५००-०००६ आणि पुढं तसाच, ०००७०००८०००९. हा आकडा मी इतक्या वेगवेगळ्या मशीनांवर पाहिलाय की पाठ झालाय. ज्याच्या नावातच 'जगात एकमेव' असा अर्थ आहे तो आकडा गावोगाव सारखा!

पोरानं विचारलं, "दादा, पण चिप तर चालते ना? मग कंपनीचा नंबर नसला म्हणून काय अडलं?"

अंगणात बारदान्याची थप्पी लागली होती, धानाचे भरलेले कट्टे एका बाजूला. प्रत्येक कट्ट्यावर केंद्राचा छापा. मी त्याला तो दाखवला. आतला धान कोणत्या जातीचा हे मूठभर बघून कळतं. पण गोदामात ओला कट्टा सापडला तर तो कोणत्या केंद्रातून आला हे छाप्यावरूनच कळणार. छापा नसेल, किंवा सगळ्या केंद्रांनी एकच छापा मारला, तर धान चांगला असूनही परत कोणाकडं पाठवायचा? तो हसला. कळलं होतं.

अडायचं ते असं अडतं. उद्या या बोर्डाच्या लॅनमध्ये दोष निघाला आणि रिअलटेकनं किंवा मायक्रोसॉफ्टनं फक्त याच बोर्डासाठी ड्रायव्हर काढायचं ठरवलं, तर ते त्याला ओळखणार कसे? विंडोज ड्रायव्हर निवडताना आधी पूर्ण आकडा जुळतो का बघते, सबसिससकट. जुळला नाही तर नुसत्या चिपच्या नंबरावर उतरते. ०१२३ आणि १०ईसी लिहिलेले बोर्ड जगभर पसरलेत, त्यांच्या जोडण्या एकमेकींशी जुळत नाहीत. एकासाठी केलेली दुरुस्ती दुसऱ्याला घातक ठरू शकते, म्हणून कोणी ती करतच नाही. दोष तसाच राहतो आणि बिल शेवटी अशा केंद्राला पडतं.

तातडीचं काम मात्र दहा मिनिटांचं. दुसऱ्या मशीनवर लॅनच्या प्रॉपर्टीजमध्ये ॲडव्हान्स्ड, तिथं नेटवर्क ॲड्रेस, आणि त्यात नवे बारा आकडे, सुरुवात ०२ नं. ०२ यासाठी की पहिल्या बाइटमधला एक बिट 'हा पत्ता जागेवर ठरवलेला आहे' असं सांगतो. कोणा कंपनीच्या नावाचे आकडे आपण मनानं बनवून घालू नयेत. राउटर बंद करून चालू केला. दोन्ही मशीनं सुरू, रांग हलली.

ही दुरुस्ती विंडोजच्या पोटात आहे, बोर्डाच्या नाही. पुढच्या वेळी कोणी फॉरमॅट मारला की जुना पत्ता परत उगवेल. म्हणून कॅबिनेटवर पांढरी पट्टी चिकटवून आकडे लिहिले आणि ऑपरेटरकडून वाचून घेतले.

साडेचार

परतताना वैनगंगेच्या पुलावर ट्रकांची रांग. गाडी थांबलेलीच होती, म्हणून पोराचा पुढचा प्रश्नही तिथंच निघाला: बोर्ड बनवणाऱ्यानं नेमकं काय करायला हवं?

मी त्याला जे सांगितलं ते इथंही लिहितो, कारण हे करायला फार खर्च येत नाही आणि न केल्याची किंमत लहान गावं मोजतात. बोर्ड बनवणाऱ्यानं पीसीआय-सिगकडून स्वतःचा नंबर घ्यावा आणि बोर्डावरच्या प्रत्येक चिपच्या त्या घरात तोच लिहावा. चिपवाल्याचा नमुना पुसूनच बोर्ड कारखान्याबाहेर जावा. जोडणी बदलली की मॉडेलचा आकडा बदलावा, मग ती एका पायाची का असेना. आणि जोडणी तीच असेल तर नुसता डब्याचा रंग बदलला म्हणून आकडा बदलू नये, नाहीतर चालता ड्रायव्हर उगाच अनोळखी होतो. लिहिणं बायोसनंच करावं, विंडोजच्या आधी, दर रिसेटला, झोपेतून उठतानाही, आणि लिहून झालं की कुलूप लावावं. स्लॉटमध्ये बाहेरून बसवलेल्या कार्डाला मात्र हात लावू नये. त्या कार्डाचा नंबर त्याच्या स्वतःच्या चिपवरून किंवा पायांच्या बांधणीवरून, वीज मिळताक्षणी यायला हवा. ते कार्ड दुसऱ्याचं आहे, या बोर्डाचं नाही.

"आणि बायोसच दुसऱ्या कोणी लिहिला तर?" त्यानं विचारलं. प्रश्न चांगला होता. कोअरबूट नावाचा खुला बायोस आहे. १९९९ साली अमेरिकेतल्या लॉस अलामोस प्रयोगशाळेत लिनक्सबायोस नावानं त्याची सुरुवात झाली. कोणीही उघडून वाचू शकतो. त्यात प्रत्येक बोर्डाची एक फाइल असते आणि 'सबसिस्टमआयडी' अशा एका ओळीत कंपनी आणि बोर्डाचा आकडा लिहिलेला असतो; शेवटी 'इनहेरिट' लिहिलं की खालच्या सगळ्या डिव्हाइसांना तोच लागू. मूळ कंपनीचा बायोस काढून हा टाकला तर आकडा कोणाचा लिहावा? माझं मत पक्कं आहे: मूळ बोर्डाचाच. तो आकडा तांब्याच्या रेषांचा आहे, प्रोग्रॅम कोणी लिहिला त्याचा नाही. रेषा बदलल्या नाहीत तर आकडाही बदलू नये.

ट्रक हलले.

साडेपाच

दुकानात कॉलेजची एक मुलगी वाट बघत होती. बारावीला चांगले गुण मिळालेल्यांना राज्य सरकार लॅपटॉपसाठी २५,००० रुपये देतं, त्यात घरचे पैसे घालून तिनं मशीन घेतलं होतं. शिकण्यासाठी तिला लिनक्स हवं होतं, तिनं स्वतःच टाकलंही होतं. सगळं चालतं, एका बाजूच्या स्पीकरचा आवाज मात्र पातळ, डब्यातून आल्यासारखा. विंडोजमध्ये नीट येतो.

लिनक्समध्ये आकडे बघणं अधिक सोपं. एलएसपीसीआय लिहायचं, पुढं एनएन आणि व्ही, आणि प्रत्येक डिव्हाइसखाली 'सबसिस्टम' अशी स्वतंत्र ओळ येते. नावं ज्या यादीतून येतात ती पीसीआय-आयडीची यादी चेक प्रजासत्ताकातल्या मार्टिन मारेश यांनी सुरू केली, आणि जगभरचे लोक तिच्यात भर घालतात.

तिच्या मशीनवरची कंपनी बरोबर, बोर्डाचा आकडाही कंपनीनं भरलेला. पण तोच आकडा ड्रायव्हरच्या यादीत एका वेगळ्याच मॉडेलसमोर होता. म्हणजे कंपनीनं एक नंबर दोन बोर्डांना वाटला. हे फक्त आमच्याकडंच घडतं असं नाही. २०२४ साली लिनक्सच्या साउंड विभागात अशीच एक दुरुस्ती झाली: लेनोव्होच्या लीजन मालिकेतल्या दोन लॅपटॉपांना १७एए आणि ३८६एफ हा एकच आकडा निघाला. एकात टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा ॲम्प्लिफायर, दुसऱ्यात सिरस लॉजिकचा.  मग साउंडच्या कोडेकमध्ये लिहिलेला वेगळा आकडा बघून दोघांना सुटं करावं लागलं. एवढ्या मोठ्या कंपनीच्या महागड्या मशीनवर हे होऊ शकतं, तर नंबर वाटणाऱ्या टेबलावर एक माणूस तरी काळजीपूर्वक बसवायला हवा, एवढं मला वाटतं.

मुलीच्या मशीनवरही तीच वाट होती. साउंड कार्डाचा आकडा दुसऱ्या मॉडेलचा, पण कोडेकच्या आतला आकडा वेगळा निघाला. तो बघताच मला हायसं वाटलं. दोन्ही आकडे सारखे असते तर ड्रायव्हर लिहिणाऱ्याला मशीन ओळखायला बायोसमधल्या मॉडेलच्या नावाचा आधार घ्यावा लागला असता.

"दीदी, लॅपटॉप दोन दिवस ठेवाल का?" पोरानं विचारलं. ती म्हणाली परीक्षा नाहीये, ठेवते. आणि जाता जाता, "मला पण दाखवाल ना कसं शोधलं ते?" दाखवीन म्हटलं. पाठवायचा अहवालच तिच्या नावानं जाऊ दे, शिकायला तिला त्याहून चांगलं काय मिळेल? ती थांबली.

सात

गोंदियाच्या गाडीनं पार्सल आलं. कीबोर्ड बरोबर, हिंज उजव्याऐवजी डावा. उद्या परत.

आठ

बाजार मिटत आला. आम्ही तिघं एका टेबलावर. अल्सा-इन्फो नावाची स्क्रिप्ट चालवली. ती साउंडबद्दलची सगळी माहिती एका फाइलीत गोळा करते: कोडेक, पायांची मांडणी, दोन्ही आकडे. मग ड्रायव्हर सुरू करताना मॉडेलचं नाव हातानं देऊन एकेक मांडणी चालवून पाहिली. बहुतेक मांडण्यांत काही फरक पडला नाही. एकीत दोन्ही स्पीकर भरून वाजले. मुलीनं लगेच ते नाव लिहून घेतलं.

अहवाल लिहायला वेळ लागला, कारण त्यात ओळ न् ओळ तपासून घालायची असते. मशीनचं मॉडेल, बायोसची आवृत्ती आणि तारीख, साउंड कार्डाचा सबसिस आकडा, कोडेकचा सबसिस आकडा, यादीत तोच आकडा कोणत्या दुसऱ्या मॉडेलसमोर आहे ते, कोणत्या मांडणीनं काम झालं, आणि झोपेतून उठवल्यावरही तसंच राहतं का. शेवटची चाचणी राहिली होती. ती तिनं केली, झाकण मिटून, उघडून, दोनदा. आवाज राहिला. एक प्रत लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या मदत विभागाला, कारण खरा बदल त्यांच्या बायोसमध्ये व्हायला हवा. दुसरी लिनक्सच्या साउंड ड्रायव्हरवाल्यांना, कारण ते तोपर्यंत वाट काढू शकतात.

वहीत तिच्या मशीनचे आकडे उतरवले. शेजारी लाल पेनानं नोंद: हा नंबर दोन बोर्डांना आहे, कोडेकचा आकडा बघणे. तिकडून सुधारलेला ड्रायव्हर आला तर तो चालवून बघून उत्तर द्यावं लागेल, म्हणून लॅपटॉप शनिवारपर्यंत दुकानातच राहील असं ठरलं. मुलीचे वडील मोटारसायकल घेऊन न्यायला आले, तोवर पोरानं उद्याची यादी फळ्यावर लिहिली होती: डावा हिंज परत, वारासिवनीच्या बँक मित्राचा प्रिंटर, आणि सोसायटीला सकाळी फोन करून दोन्ही मशीनं एकत्र चालतात का ते विचारणे.